लोण्याचे पैसे कोणाचे? ‘न्यू नॉर्थवेस्ट’वरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया वाचून आधी राग आला, म्हणून चार दिवस उत्तर दिलं नाही. मग ती पुन्हा वाचली, आणि तिच्यातला एक मुद्दा मी लेख लिहितानाच मांडायला हवा होता हे लक्षात आलं.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. ॲबिगेल स्कॉट डनिवे यांनी अमेरिकेच्या ओरेगन राज्यातल्या पोर्टलंड गावातून १८७१ ते १८८७ या काळात बायकांच्या हक्कांसाठी चालवलेल्या ‘द न्यू नॉर्थवेस्ट’ या साप्ताहिकावर मी लिहिलं होतं. तुमचे आक्षेप तीन. मूळनिवाशांच्या बळकावलेल्या जमिनीवर बसलेल्या गोऱ्या बायकांच्या हक्कांचं हे कौतुक आहे. साप्ताहिक १८८७ मध्ये संपलं आणि ओरेगनच्या बायकांना मत मिळालं १९१२ मध्ये, मग त्याने साधलं काय? आणि दारूबंदीला विरोध करणारी बाई बायकांची कैवारी कशी? तुमच्या गावात बायकांनी मतदान करून बाटली आडवी केली, तो अनुभवही तुम्ही लिहिलात.

पहिला आक्षेप मला मान्य आहे. माझ्या लेखात ‘ओसाड मुलूख’ असे शब्द होते, ते चुकीचे होते. ओरेगनमधलं विलामेट नदीचं खोरं कालापुया या मूळनिवासी लोकांचं होतं. १८३० च्या दशकातल्या तापाच्या साथींनी त्यांची गावंच्या गावं रिकामी झाली. १८५० मध्ये अमेरिकी संसदेने जमीनवाटपाचा कायदा केला तेव्हा या लोकांशी जमिनीचे करारही पुरे झालेले नव्हते. १८५० अखेरपर्यंत आलेल्या विवाहित जोडप्याला ६४० एकर मिळायचे आणि त्यातले निम्मे बायकोच्या स्वतःच्या नावावर चढायचे. बायकोच्या नावावर जमीन लावणारा कायदा म्हणून त्याचा गौरव होतो. पण ती जमीन ज्यांची होती त्यांना १८५६ मध्ये ग्रँड रोंडच्या राखीव क्षेत्रात हलवण्यात आलं. हे दोन्ही एकाच कागदावर घडलं आहे. मी अर्धाच कागद वाचून दाखवला होता.

ओरेगनच्या राज्यघटनेत काळ्या आणि चिनी माणसांना मताधिकार नाही असं कलम लिहिलेलं होतं आणि ते १९२७ पर्यंत कागदावर राहिलं. ‘शिकलेल्या बायकांना मत नाही आणि काल बोटीतून उतरलेल्या परदेशी पुरुषाला आहे’ हा सूर डनिवेबाईंच्या लिखाणातही आहे, आणि तो मला टोचतो. मात्र नोव्हेंबर १८७२ मध्ये अध्यक्षपदाच्या निवडणुकीत पोर्टलंडच्या मतदान केंद्रावर ज्या चार बायका मत द्यायला गेल्या, त्यांत डनिवेबाईंबरोबर मेरी बीटी ही कृष्णवर्णीय स्त्री होती. अधिकाऱ्यांनी त्यांच्या मतपत्रिका पेटीत टाकण्याऐवजी पेटीखाली सरकवून ठेवल्या आणि मोजल्या नाहीत. याने तुमचा आक्षेप पुसला जात नाही. पण हा प्रसंग सोडून दिला, तर आपणही त्या मतपत्रिका पेटीखालीच ठेवल्यासारखं होईल.

दुसऱ्या आक्षेपाशी मात्र मी ठामपणे असहमत आहे. तुम्ही साप्ताहिकाचं यश मताधिकाराच्या तारखेवर मोजता. ते निघालं कशातून, हे पाहिलं की वेगळं दिसतं.

डनिवेबाई १८५२ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, कुटुंबाबरोबर बैलगाडीने ओरेगनला आल्या. वाटेत आई पटकीने गेली, मग धाकटा भाऊ गेला. पुढच्या वर्षी लग्न, मग शेत, मग मुलं. नवऱ्याने, बेंजामिनने, एका मित्राच्या कर्जाला जामीन म्हणून सही केली. सही करताना बायकोचं मत विचारलं गेलं नाही, कारण कायद्याच्या लेखी तिला मत नव्हतं. कर्ज बुडालं. शेरीफ समन्स घेऊन आला तेव्हा नवरा घरी नव्हता, तर ते तिच्याच हातात ठेवलं गेलं. करार होताना जिचं अस्तित्वच नव्हतं, ती वसुलीच्या वेळी कायदेशीर प्रतिनिधी ठरली. शेत गेलं. पुढे गाडीच्या अपघातात बेंजामिन जायबंदी झाला आणि सहा मुलांचं घर तिच्यावर आलं. तिने आधी शाळा चालवली, मग ऑल्बनी गावात बायकांच्या टोप्यांचं दुकान काढलं.

माझ्या मते साप्ताहिक खरं तर या दुकानात जन्मलं. तिथे येणाऱ्या बायकांच्या हकिकती त्यांनी उतारवयातल्या आठवणींत लिहून ठेवल्या आहेत. एका शेतकरणीने वर्षभर लोणी घुसळून पैसे साठवले होते, मुलींना पावसापाण्यात शाळेत जायला अंगरखे घ्यायचे म्हणून. नवऱ्याने त्या पैशांतून शर्यतीचा घोडा आणला. ती शिवणकाम मागायला दुकानात आली होती. दुसरीचा नवरा घरातलं सामान विकून परागंदा झाला. तिने कर्ज काढून नवं सामान घेतलं, खानावळ चालवायला लागली, आणि तो परत येऊन त्या सामानाचा मालक झाला. कायद्याने ते त्याचंच होतं. बेंजामिननेच तेव्हा बायकोला सांगितलं, की मताचा हक्क मिळाल्याशिवाय बायकांचं यातलं काही सुधारायचं नाही. हा नवरा मला या सगळ्या कहाणीत फार आवडतो.

५ मे १८७१ ला पहिला अंक निघाला. पोर्टलंडची वस्ती तेव्हा आठ हजारांच्या आसपास, अख्ख्या ओरेगनची ९० हजार. वर्गणी वर्षाला तीन डॉलर. शाळकरी वयाची मुलं खिळे जुळवायची. तुम्ही ‘घरच्या मुलांच्या फुकट कष्टांवर चाललेला छापखाना’ म्हणालात. आपल्याकडे किती नियतकालिकं अशीच निघाली हे आठवून पाहा. डनिवेबाई स्वतः घोडागाडीतून, नदीतल्या आगबोटीतून गावोगाव फिरायच्या, भाषणं द्यायच्या, तिथेच वर्गणीदार करायच्या आणि रात्री मुक्कामी पुढच्या अंकाचा मजकूर लिहायच्या. अंकात त्यांच्याच कादंबऱ्या क्रमशः यायच्या, आणि त्या कादंबऱ्यांतही नवऱ्याच्या कर्जात बुडणाऱ्या बायका. १८७१ च्या शरद ऋतूत अमेरिकेतल्या मताधिकार चळवळीच्या नेत्या सुझन अँथनी आल्या तेव्हा दोघींनी मिळून जवळपास दोन हजार मैल पालथे घातले. जॅक्सनव्हिल गावात १८७९ मध्ये डनिवेबाईंवर अंडी फेकली गेली, त्यांचा पुतळाही जाळला.

आणि याच वर्षांत ओरेगनात काय झालं? १८७२ मध्ये विवाहितेला स्वतःच्या नावाने धंदा करता येईल आणि नवऱ्याचे सावकार तिच्या मालावर हात टाकू शकणार नाहीत, असा कायदा झाला. १८७८ मध्ये विवाहितेच्या मालमत्तेचा कायदा झाला. त्याच वर्षी कर भरणाऱ्या बायकांना शाळेच्या निवडणुकांत मत मिळालं. नदीपलीकडच्या वॉशिंग्टन प्रदेशात १८८३ मध्ये बायकांना पूर्ण मत मिळालं, त्यासाठी डनिवेबाई तिथे जाऊन झगडल्या होत्या. ते पुढे न्यायालयाने काढून घेतलं, हेही खरं. एका साप्ताहिकाने हे सगळं घडवलं असा माझा दावा नाही. पण लोण्याच्या पैशांची गोष्ट एका बाईचं नशीब न राहता कायद्याचा प्रश्न झाली, ती दर आठवड्याला कोणीतरी छापत होतं म्हणून. त्या बाईला पहिल्यांदा हवे होते अंगरख्यांचे पैसे. मत तिच्यासाठी त्यानंतरचं होतं.

१८८४ चं बायकांच्या मताधिकारावरचं सार्वमत हरलं, दणकून हरलं: बाजूने ११,२२३, विरुद्ध २८,१७६. पोर्टलंडचं सर्वांत मोठं दैनिक विरोधात होतं आणि त्याचे संपादक होते हार्वी स्कॉट, डनिवेबाईंचे सख्खे भाऊ. १८८६ च्या जानेवारीत एकुलती एक मुलगी क्लारा क्षयाने गेली. वर्षभरात साप्ताहिक विकलं गेलं. सोळा वर्षं. आजारी नवरा, कर्ज आणि सहा मुलं असताना सोळा वर्षं दर आठवड्याला अंक काढणाऱ्या बाईला ‘अपयशी’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आता दारू. इथे तुमचा संताप मला समजतो, आणि त्याचं एक जुनं कारण आपल्याच भाषेत आहे. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेत पोहोचल्या आणि १८८९ मध्ये त्यांनी तिथल्या समाजाविषयी मराठीत पुस्तक लिहिलं. त्यात स्त्रियांच्या स्थितीवरचं प्रकरण मोठं आहे आणि मद्यपानाविरुद्ध लढणाऱ्या ख्रिस्ती स्त्रियांच्या संघटनेविषयी मनापासून आदर आहे. रमाबाई स्वतः त्या संघटनेशी जोडलेल्या होत्या. डनिवेबाईंचं भांडण नेमकं त्याच चळवळीशी. दारूने घरं मोडतात हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती, मोडलेली घरं तर त्यांच्या दुकानात येऊन बसत होती. त्यांचं म्हणणं असं, की सार्वमतात मत देणार सगळे पुरुष. ‘बायकांना मत म्हणजे दारूबंदी’ हे समीकरण एकदा त्यांच्या डोक्यात बसलं, की गुत्तेवाले पैसा ओततील आणि पिणारे घाबरतील. म्हणून बंदीचा विषय मताच्या मागणीला बांधू नका. डनिवेबाईंना दारूवाल्यांनी विकत घेतलं असा आरोप तेव्हाही झाला.

त्यांनी हे भांडण फार कडवटपणे केलं आणि त्यात कामाच्या मैत्रिणी गमावल्या, असं मला वाटतं. पुढच्या पिढीच्या कार्यकर्त्यांशीही त्यांचं जमलं नाही. पण पुरुष मतदारांच्या भीतीबद्दल त्या चुकल्या नव्हत्या. १९१२ मध्ये सहाव्या सार्वमतात ६१,२६५ विरुद्ध ५७,१०४ अशी थोडक्यात जीत झाली. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी डनिवेबाईंनी मताधिकाराची घोषणा स्वतःच्या हाताने लिहिली आणि राज्यपालांबरोबर तिच्यावर सही केली. दोनच वर्षांनी, १९१४ मध्ये, ओरेगनने दारूबंदी मंजूर केली.

तुमच्या गावात यादीतल्या निम्म्याहून अधिक बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला. यादीत त्यांची नावं होती, शिक्का त्यांच्या हातात होता. डनिवेबाई ज्या बायकांसाठी लिहीत होत्या त्यांच्या हातात तो नव्हता. एवढा एक फरक लक्षात घेऊन त्यांची बाजू पुन्हा वाचावी, एवढीच विनंती. ‘न्यू नॉर्थवेस्ट’चे अंक ओरेगन विद्यापीठाने नेटवर खुले ठेवले आहेत. सुरुवात वाचकांच्या पत्रांपासून करा.

मूळ लेखात मी दोन बदल केले आहेत. ‘ओसाड मुलूख’ काढलं आणि तिथे कालापुयांविषयी दोन परिच्छेद घातले. तुमच्याकडे मात्र एक मागणं आहे. मतदानाच्या दिवशी बायकांना केंद्रावर कोणी आणलं, कोणी अडवलं, घरी गेल्यावर काय ऐकावं लागलं, हे तुम्ही दोन ओळींत उरकलंत. ते सविस्तर लिहून पाठवाल का? जसंच्या तसं इथे छापेन, तुमची हरकत नसेल तर.