दुधाच्या चिठ्ठीवरचा ठिपका

मागच्या पावसाळ्यात आमच्या साक्षरता वर्गाला एक आक्का यायला लागल्या. करवीर तालुक्यातलं गाव, दूध संस्थेच्या वरची खोली, रात्री साडेआठची वेळ. आक्कांचं वय साठीपुढचं, दावणीला दोन म्हशी. मी पुस्तक उघडलं तर त्यांनी ते बाजूला सारलं आणि कनवटीची दूध संस्थेची चिठ्ठी काढून माझ्यापुढं धरली. "बाई, मला ही वाचाय शिकवा. बाकीचं मागनं बघू."

लिटर, फॅट म्हणजे दुधातली स्निग्धता, एसएनएफ म्हणजे स्निग्धता सोडून दुधातला बाकीचा घन भाग, आणि त्यांवर ठरणारा दर, रक्कम. अंक आठ-दहा दिवसांत आले. अडलं ते ठिपक्यापाशी. ६.२ फॅट आणि ६.८ फॅट त्यांना एकच वाटायचं, सहा तोच म्हणून. शेवटी मी सतरंजीवर नाणी मांडली. सहा रुपये वीस पैसे, सहा रुपये ऐंशी पैसे. आक्का बराच वेळ चिठ्ठीकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे ठिपक्याच्या पल्याडबी पैसा हाय. आजवर मी नुस्ता सहाच बघत आलो."

मी उभा जन्म प्राथमिक शाळेत शिकवलं. निवृत्तीनंतर हा वर्ग घेतला. त्या रात्री घरी येताना एकच प्रश्न डोक्यात होता: मोठ्या माणसांनी काय शिकायचं, हे ठरतं कुठं? मग वाचत गेले.

१९६५ साली युनेस्कोनं, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या शिक्षणाचं काम बघणाऱ्या संघटनेनं, तेहरानला देशोदेशीच्या शिक्षणमंत्र्यांची परिषद भरवली. कार्यात्मक साक्षरता हा शब्द तिथून जगभर गेला. अक्षर माणसाच्या रोजच्या कामाला जोडून शिकवायचं, हा त्याचा अर्थ. ११ देशांत त्याचे प्रयोग झाले, आणि आपल्याकडंही त्याच सुमारास संकरित बियाण्यांबरोबर शेतकऱ्यांचे साक्षरता वर्ग निघाले. आक्कांची चिठ्ठी या विचारात नेमकी बसते. पण तेव्हा काम म्हणजे उत्पादनवाढ, एवढाच अर्थ धरला गेला. माणसाचं समाजातलं जगणं बाजूला राहिलं. १९७६ च्या आढाव्यात युनेस्कोनं स्वतःच हे मान्य केलं, याचा मला आदर वाटतो.

तरी विचार एकाचा आणि पैसा दुसऱ्याचा, असं होत गेलं. जागतिक बँक शिक्षणाला कर्ज देताना परताव्याचा हिशेब मांडत होती, आणि त्या हिशेबात प्राथमिक शिक्षण सगळ्यात फायद्याचं ठरत होतं. १९९० मध्ये थायलंडच्या जोमतिएनला 'सर्वांसाठी शिक्षण' अशी घोषणा झाली, तिच्यात प्रौढही होते. पैसा मात्र शाळांकडं वळला. एप्रिल २००० मध्ये सेनेगलमधल्या डकारच्या जागतिक शिक्षण परिषदेत ठरलं, की २०१५ पर्यंत प्रौढ साक्षरतेत ५० टक्के सुधारणा करायची. त्याच वर्षी सप्टेंबरात संयुक्त राष्ट्रांनी सहस्रक विकास उद्दिष्टांचा, म्हणजे सगळ्या देशांनी मिळून गाठायच्या ध्येयांच्या यादीचा, पाया घातला. त्या उद्दिष्टांत मुलांचं प्राथमिक शिक्षण आलं, प्रौढ साक्षरता गळली. जी गोष्ट यादीत नाही तिला निधी नाही, अहवाल नाही, बैठकीत तिचं नावही निघत नाही. शाळेतल्या मुलांसाठी मी आयुष्य घातलंय, त्यांचं काढून घ्या असं मी कधीच म्हणणार नाही. पण त्या मुलांच्या आयांना यादीतून का वगळायचं?

२०१५ च्या शाश्वत विकास उद्दिष्टांत प्रौढ परत आले. ४.६ क्रमांकाचं लक्ष्य बघा. २०३० पर्यंत सगळ्या तरुणांना लिहिता-वाचता यावं, आणि प्रौढांपैकी 'लक्षणीय प्रमाणात' लोकांना. तरुण सगळे, आणि प्रौढ लक्षणीय प्रमाणात! त्या प्रमाणात आमच्या आक्का धरल्यात का सुटल्यात? जगात आजही ७० कोटींहून जास्त प्रौढांना लिहिता-वाचता येत नाही, आणि त्यात जवळजवळ दोन तृतीयांश बायका आहेत.

आपल्याकडं सध्या केंद्र सरकारचा उल्लास हा प्रौढ साक्षरतेचा कार्यक्रम चालू आहे. वाचन, लेखन, संख्याज्ञान, प्रत्येकी ५० असे १५० गुण आणि पास झालं की प्रमाणपत्र. परीक्षेला माझा विरोध नाही. पेपर देऊन बाहेर आलेल्या बायकांचे चेहरे मी बघितलेत. पण शिकवणारे आम्ही सगळे स्वयंसेवक, विनामोबदला. आम्ही दमलो की वर्ग बंद. २०२२ मध्ये मोरोक्कोतल्या माराकेशला युनेस्कोच्या प्रौढ शिक्षण परिषदेत देशांनी प्रौढ शिक्षणावरचा खर्च वाढवायचं वचन दिलं. ते पैसे गावातल्या या खोलीपर्यंत आले पाहिजेत आणि वर्गात काय शिकवायचं हे शिकणाऱ्यांना विचारून ठरलं पाहिजे, हे माझं ठाम मत आहे. हे अशक्य नाही. शेजारच्या साताऱ्यात १९५९ ला ग्रामशिक्षण मोहीम उभी राहिली, तेव्हा तेहरानची परिषद अजून सहा वर्षं लांब होती. अख्खं गाव साक्षर करायचं आणि मग गावानं मिळून त्याचा समारंभ करायचा, अशी ती रीत होती.

परवा आक्का आठवड्याच्या चिठ्ठ्या दोऱ्यात ओवून घेऊन आल्या. बुधवारची वेगळी काढून ठेवली होती. "फॅट ५.९ लागलाय, बाकी दिस सहाच्या वर. मंगळवारी सरकी संपली हुती, नुस्ती वैरण घातली. त्येचंच हाय." मग पाटी पुढं ओढून म्हणाल्या, "आता ह्या सगळ्याची बेरीज कशी घालायची त्ये सांगा."