बहिणी वगळून वारसनोंद कशी करावी

वडील गेले, मृत्युपत्र नाही, सहा एकर जमीन मागे राहिली. आई, तुम्ही दोघे भाऊ आणि सासरी सुखात असलेल्या तीन बहिणी. भागाकार करू नका. केलात तर प्रत्येकाच्या वाट्याला एक एकर येतो, आणि जमीन वडिलोपार्जित धरा की वडिलांची स्वकष्टाची, या घरात उत्तर तेच निघतं. तुम्हाला तीन हवेत.

कायद्याने वारसाची वर्दी तीन महिन्यांत द्यायची असते. तुम्ही तेराव्याच्या दुसऱ्या दिवशीच तलाठ्याकडे जा. (त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं, काम काढायचं असेल तर भाऊसाहेब म्हणा.) प्रतिज्ञापत्राच्या वंशावळीत फक्त मुलगे दाखवा. ‘याव्यतिरिक्त अन्य कोणीही वारस नाहीत’ हे वाक्य कचेरीबाहेरच्या टायपिस्टकडे तयारच असतं. खोटं प्रतिज्ञापत्र हा गुन्हा आहे, हे त्याला विचारू नका, तोही सांगणार नाही. पुढे वारस नोंदवहीत, म्हणजे सहा-क मध्ये, नावं चढतात, फेरफार (सातबाऱ्यावरच्या नावबदलाची नोंद) पडतो आणि हरकतीसाठी 15 दिवसांची नोटीस लागते. ती चावडीवर. सोलापुरात नांदणारी बहीण चावडीवर फिरकत नाही, ही आपल्या महसूल व्यवस्थेची मोठीच सोय आहे. मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात.

एवढं धाडस होत नसेल तर जुनी, सभ्य रीत आहे: थोरल्याचं नाव ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, म्हणून लावायचं आणि बहिणींना ‘इतर हक्क’ या रकान्यात बसवायचं, विहीर आणि सोसायटीच्या बोजाशेजारी.

हक्कसोड घ्यायचीच असेल तर तेराव्यालाच घ्या. सगळ्या जमलेल्या असतात, डोळे सुजलेले असतात, वाचायला चष्मा सापडत नाही. साडीचोळी आधी, सही नंतर. कुणी कुरकुरलीच तर ‘माहेर तुटेल’ एवढं मावशीकडून म्हणवून घ्या. कागद नोटरीचा ठेवा. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात फोटो काढतात, अंगठे घेतात. तिथे बाईला आपण काय देतोय ते कळण्याचा धोका असतो. नोंदणी नसलेल्या हक्कसोडीने जमिनीतला हक्क सुटत नाही, पण कागद ट्रंकेत ठेवायला बरा.

वाद निघालाच तर ‘तुझं लग्न 1994 च्या आधीचं’ हे ठासून सांगा. 1994 च्या आधी लग्न झालेल्या मुलीला वडिलोपार्जित जमिनीत वाटा नाही, ही राज्याची जुनी अट. वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने ती गेली, आणि 11 ऑगस्ट 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने मुलीचा हक्क जन्मापासूनचा ठरवला, वडील 2005 मध्ये हयात असोत वा नसोत. ही बातमी पारावर पोचू देऊ नका.

आता बारा वर्षं गप्प बसायचं, मग बहिणीच्या दाव्याची मुदत संपते, असं तुम्हाला कुणीतरी सांगितलं असेल. इथे एक बारीक अडचण आहे. सहहिस्सेदाराचा कब्जा सगळ्यांच्या वतीने धरतात, आणि वगळलं गेल्याचं तिला कळल्यापासून ती बारा वर्षं मोजतात. म्हणजे जितकं नीट लपवाल, तितकी मुदत सुरूच होणार नाही. उघड सांगितलंत तर ती लगेच दावा लावेल. यावर उपाय आमच्याकडे नाही.

तोवर सातबारा छातीशी धरून बसा. फेरफार महसुलापुरता असतो, त्याने मालकी येत नाही, हे खरेदीदाराच्या वकिलाला माहीत असतं. तो तीस वर्षांचा शोध घेतो, वंशावळ मागतो आणि ‘बहिणी किती?’ असं चहा यायच्या आत विचारतो. तिन्ही बहिणींच्या संमतीवाचून तो व्यवहार करू देत नाही. बहिणीला कळलंच तर प्रांतांकडे अपिलाची मुदत 60 दिवसांची. पण नोटीस मिळालीच नाही म्हटल्यावर उशीर माफ होऊ शकतो. नोटीस चावडीवर लावण्याची तुमची हुशारी तिच्याच अर्जात कारण म्हणून येते.

शेतातून महामार्ग गेला तर तुमचं नशीबच उघडलं. मोबदल्याची जाहिरात वर्तमानपत्रात येते, आणि वर्तमानपत्र सोलापुरातही वाचतात. एका हरकतीवर वाद दिवाणी न्यायालयात जातो, रक्कमही तिथेच अडकते. अशा वेळी बहिणीकडे जा, या खेपेला दुय्यम निबंधकाकडे जायची तयारी ठेवून. मात्र जाण्याआधी तेराव्याची साडी कितीला घेतली होती ते आठवून ठेवा. तिच्याकडे तो आकडा लिहिलेला आहे.