गणिताला एक न्याय, कन्नडला दुसरा

पोरांना गृहपाठात मदत कशी करावी, यावरचा लेख वाचला. आयतं उत्तर देऊ नये, वाट तेवढी दाखवावी, हे त्यातलं म्हणणं गणितापुरतं शंभर टक्के पटलं. क्ष² − ५क्ष + ६ = ० ला '२ आणि ३' असं लिहून पाठवलं की पोराचा विषय संपला. 'गुणाकार ६ आणि बेरीज ५ येणाऱ्या दोन संख्या शोध' एवढं सांगा, पुढचं तो करतो. अडलाच तर आकडे बदलून एक सोडवून दाखवा.

पण आमच्या बेळगाव-खानापूरकडच्या मराठी माध्यमातल्या पोरांची कन्नडची वही उघडून बघा. कितीतरी घरांत कन्नड वाचणारं कुणी नाही, प्रश्नाचाच अर्थ लागत नाही. तिथं 'तूच विचार कर' म्हणणं हा निव्वळ कोरडेपणा. मी शिकवणीत सरळ पूर्ण उत्तर देतो, पण तोंडी, लिहायचं त्यांनी. अक्षराखाली काढायचं जोडाक्षर हमखास चुकतं, ते तिथल्या तिथं दुरुस्त होतं. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या उत्तरांच्या फोटोचं तसं नाही. हुशार पोरीच्या वहीतली चूक दुसऱ्या दिवशी अख्ख्या वर्गाच्या वहीत! (आणि बरोबरची खूणही सगळ्यांना मिळते, ते वेगळंच.)

दहावीच्या पेपरच्या आदल्या रात्री 'सर, एवढं एकच सांगा' म्हणणाऱ्यांचं काय करायचं, तेही लेखात यायला हवं होतं.