आठ महिन्यांनंतर शून्य? तो तक्ता शिळा झाला

‘गाडीचा विमा मुदतीआधी रद्द केलात तर कंपनी जबर रक्कम कापते. आठ महिन्यांनंतर छदामही मिळत नाही, वर एनसीबी (क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) बुडतो. म्हणून गाडी विकली तरी पॉलिसी आहे तशी राहू द्या.’ हा मेसेज आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पुन्हा उगवला आहे. तो धादांत खोटा नाही, म्हणूनच चटकन पटतो.

कापण्याची गोष्ट २००२ च्या मोटर टॅरिफमधली, म्हणजे वाहन विम्याच्या जुन्या दर-नियमावलीतली. त्यात अल्पमुदतीचा तक्ता होता: महिन्याच्या आत रद्द केलं तर वर्षाच्या प्रीमियममधले २० टक्के कंपनीचे, दोन महिन्यांपर्यंत ३०, तीनपर्यंत ४०, अशी चढत जाणारी पायरी. आठ महिने उलटले की सगळेच पैसे कंपनीचे. पाव वर्ष विमा वापरायचा आणि ४० टक्के मोजायचे, म्हणजे लोक चिडायचे ते उगाच नाही.

पण जून २०२४ मध्ये विमा नियामक आयआरडीएआयचं मास्टर परिपत्रक आलं. ग्राहक पॉलिसी केव्हाही रद्द करू शकतो, कारण सांगण्याची सक्ती नाही. पॉलिसी वर्षभरापर्यंतची असेल आणि त्या काळात क्लेम घेतलेला नसेल, तर उरलेल्या मुदतीच्या प्रमाणात प्रीमियम परत. समजा ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा, प्रीमियम ६,००० रुपये होता आणि २७४ दिवसांनी रद्द केलंत. उरले ९१ दिवस, म्हणजे साधारण १,४९६ रुपये. जुन्या तक्त्याने हातात भोपळा आला असता. क्लेम घेतला असेल तर मात्र या परताव्यावर हक्क नाही. मेसेजमध्ये खरं तर हेच लिहायला हवं होतं.

थर्ड पार्टीचं, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीच्या विम्याचं, वेगळं. मोटार वाहन कायद्याने तो सक्तीचा, त्यामुळे रस्त्यावर धावणाऱ्या गाडीचा नुसता रद्द करता येत नाही. आधी दुसरी पॉलिसी दाखवा.

एनसीबी बुडतो? तो गाडीचा नसतो, मालकाचा असतो. गाडी विकल्यावर कंपनीकडून एनसीबीचं पत्र घ्या. नव्या गाडीसाठी ते तीन वर्षं चालतं. ५० टक्क्यांपर्यंत पोचला असाल तर या पत्राची किंमत परताव्याहून जास्त. पण अर्धवट वर्षाची पुढची पायरी मिळत नाही, म्हणून गाडी तीच ठेवून नुसती कंपनी बदलायची असेल आणि दोनच महिने उरले असतील, तर मी तरी थांबेन.

आता सर्वांत घातक सल्ला: ‘राहू द्या’. कलम १५७ प्रमाणे थर्ड पार्टीचं संरक्षण नव्या मालकाकडे जातं आणि त्याने १४ दिवसांत कंपनीला कळवायचं असतं. ओन डॅमेज आपोआप जात नाही. त्याने गाडी ठोकली तर तो क्लेम त्यालाही मिळणं कठीण आणि तुम्हालाही, कारण गाडी आता तुमची नाही. उलट आरसीवर तुमचं नाव राहिलं असेल, तर अपघाताच्या भरपाईत मालक म्हणून तुम्हालाच ओढलं जातं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केलंय.

तेव्हा एजंटने ‘झालं हो साहेब ट्रान्सफर’ म्हटलं तरी नाव बदललंय का, ते स्वतः बघा.