हरणाचं नाक आणि आमची गंजी

अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये हरणाच्या शिकारीचा बंदुकीचा सीझन नऊ दिवसांचा असतो, थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरअखेरचा इथला मोठा सण) आधीच्या शनिवारी सुरू होतो, आणि त्या नऊ दिवसांत आमच्या ऑफिसात मीटिंगला माणूस मिळत नाही. सगळे भडक ऑरेंज जॅकेट घालून कुठल्यातरी झाडावर बसलेले असतात. यावर्षी शेजारचे काका (सत्तरी ओलांडलेले, गाई मुलाच्या ताब्यात देऊन निवांत झालेले) म्हणाले, चल तूपण. मी हो म्हटलं. बंदूक त्यांची, रान त्यांचं, हंटर सेफ्टीचा कोर्स झाला, लायसन्स निघालं, सगळं कसं पटापट. गाडी अडली ती आतल्या कपड्यांवर.

आता तुम्ही म्हणाल आतले कपडे म्हणजे काय, थर्मल घ्यायचं आणि घालायचं. मीपण तेच म्हणत होतो. माझा जन्म कोल्हापूरचा, तिथं पारा पंधराला टेकला की लोक कानटोपी घालून दूध आणायला जातात, त्यामुळं थंडीतलं आपल्याला कळतं असा एक माज होताच. इथं शिकारीच्या सामानाच्या दुकानात गेलो तर दाढीवाला पोरगा समोर आला आणि त्याचा पहिलाच प्रश्न, "तुम्ही बसणार की चालणार?" मी म्हटलं, दोन्ही, आधी चालणार मग बसणार. त्यानं असा चेहरा केला की जसं काही मी डॉक्टरला दोन आजार सांगितले.

पण खरी गोम तीच आहे. पहाटे अंधारात पाठीवर सामान, हातात बंदूक, गुडघाभर गवतातून अर्धा तास चालत जायचं, त्यात बाहेर उणे दहा असलं तरी माणूस घामाघूम होतो. मग झाडावरच्या स्टँडवर, म्हणजे खोडाला बांधलेल्या बैठकीवर, चढायचं आणि चार-पाच तास हलायचं नाही, खोकायचं नाही, नाक ओढायचं नाही. चालताना आलेला घाम आता गार पडतो आणि तुमच्या पाठीतून आत शिरायला लागतो. म्हणजे एकाच शर्टानं दोन वेगवेगळ्या माणसांची सेवा करायची, एक उकडणारा आणि एक कुडकुडणारा. कॉटन इथं एकदम बाद. कॉटन घाम पितं आणि ओलं फडकं होऊन अंगाला चिकटून बसतं. लोकर तिच्या वजनाच्या साधारण एक तृतीयांश ओलावा धाग्याच्या आत घेते तरी हाताला ओली लागत नाही, आणि तो ओलावा शोषताना थोडी ऊबपण सोडते. हे त्या पोराकडून ऐकून मला फार बरं वाटलं. मग मी हळूच विचारलं, आत सँडो बनियन घातलं तर चालेल ना? पोरगा म्हणाला, नाही. मी म्हटलं, नुसतं सवय म्हणून. नाही. अहो, मराठी माणसाला बनियन काढून वर डायरेक्ट शर्ट घालायला सांगणं म्हणजे काय असतं हे त्या पोराला कुठून कळणार.

मग जीएसएम सुरू झालं. मला जीएसएम म्हटलं की लग्नपत्रिकेचा कागद आठवतो, पण इथं गंजीला जीएसएम. एक चौरस मीटर कापडाचं वजन किती ग्रॅम. 150 म्हणजे हलकं, 200-250 म्हणजे मधलं, आणि 400 च्या आसपास गेलं की आतून टर्किश टॉवेलसारखे छोटे छोटे लूप असतात आणि ते घालून घरात पाच मिनिटं बसलं तरी फॅन लावावासा वाटतो. मी अर्थातच 400 वर हात ठेवला. पैसे देतोय तर जाड घ्यावं, हा आपला साधा हिशोब. किंमत शंभर डॉलरच्या वर, मनातल्या मनात रुपये केले आणि हात काढून घेतला. एवढ्या वर्षांनी रुपये करायचे नसतात हे माहितीये, पण गंजीच्या बाबतीत आपोआप होतात.

रात्री आईचा व्हिडिओ कॉल. "मटण दुकानात मिळत नाही का तिथं?" हा मुद्दा आधीच झालेला होता, त्यामुळं ती थेट लोकरीवर आली. म्हणाली, लोकर टोचते, तुला लहानपणी आजीच्या घोंगडीवर बसवलं की भोकाड पसरायचास. हे खरंय. आजीची घोंगडी पट्टणकोडोलीच्या यात्रेतून आणलेली, काळी, खरखरीत, पाऊस पडला तरी आतला माणूस कोरडा, पण अंगाला लागली की मांड्यांवर लाल ठिपके. तर तिला समजावून सांगितलं की ही मेरिनो मेंढी वेगळी, हिच्या लोकरीचा धागा 17 ते 19 मायक्रॉन जाड (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), 30 च्या पुढं गेला की टोचायला लागतो, आपली दख्खनी मेंढी त्याच्या बरीच पुढं. आई सगळं ऐकून म्हणाली, "मग आत बनियन घाल की." मी फोन बायकोकडे दिला.

पॉलिस्टरचं थर्मल का नाही घेत, हा बायकोचा प्रश्न. तिचा प्रश्न रास्त होता, स्वस्त पडतं, लोकरीपेक्षा लवकर वाळतं, मशीनमध्ये कसंही टाका. पण पॉलिस्टर एकदा घामेजलं की संध्याकाळपर्यंत जो वास मारतं तो माणसालाही सोसत नाही, आणि हरणाचं नाक म्हणजे काय चेष्टा आहे का. गंमत बघा, इथं कायदा असा की कमरेच्या वर निम्मे तरी बाहेरचे कपडे ऑरेंज किंवा भडक गुलाबी हवेत, आपण लांबून ट्रॅफिक पोलिसासारखे दिसतो, आणि त्या ऑरेंजचं हरणाला फारसं काही वाटत नाही कारण तो रंग त्याला नीट दिसतच नाही. पण वाऱ्यावर वास गेला की संपलं. लोकरीला घामाचा वास लवकर येत नाही, दोन-तीन दिवस घातली तरी चालते, म्हणून लोकर.

काकांचे कपडे वास नसलेल्या साबणात धुतलेले, अंगणात वाळवलेले आणि झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात देवदाराच्या फांद्या घालून गॅरेजमध्ये ठेवलेले. आमचं घर दोन खोल्यांचं. थर्मल (शेवटी वर 250 आणि खाली 150 घेतलं, कारण पाय चालतात आणि छाती नुसती बसून असते, हा पोराचा सल्ला मला पटला) धुऊन घरातच कपड्यांच्या स्टँडवर वाळत घातलं आणि त्याच संध्याकाळी बायकोनं आमटीला फोडणी दिली. मोहरी, हिंग, कढीपत्ता, वर लसूण. मी धावत गेलो, पण फोडणीच्या पुढं कोण पळणार. शर्ट नाकाला लावला तर कुणाच्यातरी मुंजीतून आल्यासारखा वास. बायको म्हणाली, "हरणाला हिंग काय माहीत? त्याला वाटेल नवीन झुडूप आलंय."

काकांनी अजून एक भर घातली. ते स्वतः लाल रंगाचा अखंड सूट घालतात, मानेपासून घोट्यापर्यंत एकच, पुढं बटणं आणि मागं खिडकी. शर्ट वर सरकत नाही, कमरेत वारा शिरत नाही, हे त्यांचं म्हणणं. पण त्याच्यावर पँट, त्याच्यावर बिब (छातीपर्यंत येणारी जाड पँट), त्याच्यावर झाडावरून पडू नये म्हणून बांधायच्या सेफ्टी हार्नेसचे पट्टे मांड्यांतून गेलेले, आणि पंधरा फुटांवर झाडाला बांधलेला माणूस, सकाळी दोन कप कॉफी प्यायलेला. त्या खिडकीपर्यंत पोचायचं कसं? काका शांतपणे म्हणाले, कॉफी एकच प्यायची. मी दोन तुकड्यांतलंच घेतलं.

त्यांचा एक सल्ला मात्र लाख मोलाचा. निघताना थोडं कुडकुडलं पाहिजे. अंगात फक्त थर्मल आणि पातळ जॅकेट, जाड सगळं पाठीवरच्या बॅगेत, वर पोचल्यावर घाम जिरू द्यायचा आणि मग चढवायचं. तसंच केलं. पाठ दुपारपर्यंत कोरडी राहिली, छाती ऊबदार, थंडी वाजली ती फक्त पायाच्या बोटांना, आणि मोज्यांचा विषय मी आत्ता काढत नाही कारण त्यातही लायनर (आतला पातळ मोजा) वेगळा, जाडी वेगळी, मायक्रॉन वेगळे. हरणं आली ती सगळी काकांच्या बाजूला.

सीझन संपल्यावर कपडे कपाटात गेले. लोकरीला कसर लागते, हे आपल्या घरात जन्मजात ज्ञान, त्यामुळं बायकोनं इंडियन स्टोअरमधून आणलेल्या डांबराच्या गोळ्या प्रत्येक घडीत दोन दोन घातल्या. परवा काका काहीतरी परत द्यायला आले, मी कौतुकानं शर्ट काढून दाखवला. त्यांनी लांबूनच एकदा श्वास घेतला, जरा विचार केला, आणि म्हणाले, पुढच्या वर्षी तुला एक स्वतंत्र स्टँड बांधून देतो, रस्त्याच्या पलीकडच्या रानात.