पॅकिंगला पत्रिका

जुनी कार्ब्युरेटरवाली मारुती ८०० अजून तुमच्या दारात असेल, तर अभिनंदन. ती सिग्नलला थरथरून बंद पडत असेल आणि रेस दिली की शहाण्यासारखी पळत असेल, तर बहुतेक इनटेक मॅनिफोल्डचं, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये मिसळलेली हवा आणि पेट्रोल इंजिनात नेणाऱ्या नळ्यांचं, पॅकिंग गेलंय. पॅकिंग म्हणजे सांध्यात फट राहू नये म्हणून बसवलेला पातळ थर. पण म्हणून लगेच पॅकिंग बदलायला धावू नका. इतक्या सरळ माणसाला गाडी शोभत नाही.

आधी स्लो रनिंगचा, म्हणजे उभ्या गाडीतल्या इंजिनाची मंद चाल ठरवणारा, स्क्रू पिळा. स्लोला थ्रॉटल, म्हणजे रेस दिली की उघडणारा पडदा, जवळजवळ मिटलेला असतो, आतली ओढ सगळ्यात जास्त असते, आणि इंजिन केसाएवढ्या फटीतूनही हवा खातं. कार्ब्युरेटरनं बिचाऱ्यानं वजनाने साधारण १५ भाग हवेला १ भाग पेट्रोल असा संसार मांडलेला असतो. त्यात ही न बोलावलेली हवा येऊन बसते. पण स्क्रू पिळायला एवढं कळायची गरज नाही. मग प्लग बदला, कॉइल बदला, पंपावरच्या पेट्रोलला शिव्या घाला. पॅकिंग सगळ्यात स्वस्त, म्हणून त्याचा नंबर शेवटी. शिवाय ऑइल गळलं तर फरशीवर डाग तरी पडतो. ही गळती आतल्या आत होते. शेजाऱ्यांना दिसत नाही, मग घाई कसली?

अखेर मॅनिफोल्ड उतरवलाच, तर चिकटलेलं जुनं पॅकिंग स्क्रू ड्रायव्हरनं खरवडा. ॲल्युमिनियम मऊ असतं, त्याला बोथट प्लास्टिकची पट्टी लागते. नॉनस्टिकच्या तव्याला लोखंडी उलथनं लावू नको, हे आईनं सांगितलेलं असतंच, पण गॅरेजमध्ये आईचं कोण ऐकतं? पडलेल्या चरांत हवेची छान सोय होते.

आता नवं पॅकिंग. दुकानात जाऊ नका, कपाटातली लग्नाची पत्रिका काढा. ज्या लग्नाला गेला नाहीत त्याची घ्या, तेवढंच पुण्य. पत्रिका हेडवर, म्हणजे इंजिनाच्या ज्या भागाला मॅनिफोल्ड बसतो त्यावर, धरून हातोडीनं कडा ठोकल्या की भोकं आपोआप पडतात. गणपती कोणत्या बाजूला ठेवायचा यावर मतभेद आहेत. या मॅनिफोल्डातून इंजिनाचं पाणीही फिरतं आणि कागदाचा लगदा होतो, या किरकोळ बाबी आहेत.

तरी धाकधूक वाटली, तर वरून सिलिकॉनची अख्खी ट्यूब फासा. बाहेर ओघळलेलं तुम्हाला दिसतं. तेवढंच आतही ओघळतं, पेट्रोलनं मऊ पडतं, तुटतं आणि व्हॉल्व्हकडे प्रवासाला निघतं. पातळ थर द्या, २४ तास सुकू द्या, असं ट्यूबवर बारीक अक्षरांत असतं. बारीक अक्षरं वकिलांसाठी असतात. तुम्ही दहा मिनिटांत स्टार्टर मारा.

नट आवळताना एका टोकापासून सुरू करा आणि पहिलाच पूर्ण कडक करा, म्हणजे दुसरं टोक अदबीनं उचललं जाईल. मधून सुरुवात करून बाहेर जायचं, दोन-तीन फेऱ्यांत, जोर मोजून आवळणाऱ्या टॉर्क पान्यानं, ही भित्र्यांची रीत. तुम्ही पान्याला पाईप अडकवा आणि लटका. आटे गेले की पाना एकदम हलका फिरतो. काम सोपं झाल्यासारखं वाटतं.

पुढे कधीतरी मिस्त्री हे सगळं खोलेल. फाटलेल्या लगद्यावर ‘कृपया आहेर आणू नये’ एवढंच वाचता येईल. तो ते वाचेल, हात पुसेल, आणि नव्या हेडचा भाव सांगेल.