नियमाने काम करणारे कामचोर नसतात, तो मेसेज फॉरवर्ड करणं थांबवा

‘वर्क टू रूल म्हणजे पगारी आराम’ असा एक लांबलचक मेसेज फिरतोय. वर्क टू रूल म्हणजे संपावर न जाता, कामावर हजर राहून प्रत्येक नियम तंतोतंत पाळायचं आंदोलन. काल तो काकांनी आमच्या फॅमिली ग्रुपवर टाकला, आणि त्याच ग्रुपवर माझा चुलतभाऊ आहे जो लाईनमन आहे, त्यामुळे गप्प बसवत नाही. मेसेजचं म्हणणं असं की नियमावर बोट ठेवणारे कामचोर असतात, हा छुपा संप आहे म्हणून गुन्हा आहे, हे लोकांना वेठीस धरतात, आणि ‘खरा कामसू माणूस कुठला नियम बाजूला ठेवायचा ते ओळखतो’.

हे शेवटचं वाक्य सगळ्यात घातक आहे. खांबावर चढायच्या आधी लाईन बंद केल्याचं परमिट हातात हवं, लाईनमध्ये करंट नाही हे टेस्टरने बघायचं, अर्थिंग लावायचं, हातमोजे, बेल्ट, खाली दुसरा माणूस. एवढं सगळं केलं की दिवसाच्या तक्रारी संपत नाहीत, मग फोनवर ‘बंद केलीय, चढ तू’ एवढ्यावर माणूस वर जातो. काही झालं नाही तर कुणी विचारत नाही, शॉक लागला की चौकशीत पहिला प्रश्न, परमिट घेतलं होतं का? म्हणजे एरवी जो नियम मोडायला लावला त्याच नियमाचं बिल त्याच्या नावावर फाडायचं.

कामचोरी म्हणता ना, मग १९६८ चा उन्हाळा बघा. अमेरिकेतल्या विमान नियंत्रकांच्या पॅट्को संघटनेने सभासदांना सांगितलं की दोन विमानांमध्ये नियमात आहे तेवढं अंतर काटेकोर ठेवा. बस, एवढंच. कामावर सगळे हजर, तरी न्यूयॉर्कच्या विमानतळांवर उड्डाणं रखडली, कारण गर्दी उरकायची म्हणून ते अंतर एरवी सर्रास कमी केलं जात होतं. मग एरवी वेळेवर उतरणारे प्रवासी कशाच्या भरवशावर उतरत होते?

गुन्ह्याचं म्हणाल तर यात अर्धं खरं आहे, मान्य करावं लागेल. १९७२ मध्ये ब्रिटनमध्ये रेल्वे कामगारांच्या अशाच आंदोलनावर अपील कोर्टाने, न्यायाधीश लॉर्ड डेनिंग त्यात होते, सांगितलं की काम बंद पाडायच्या हेतूने नियमांचा अवाजवी अर्थ लावणं हा नोकरीच्या कराराचा भंग आहे. पण करारभंग म्हणजे फौजदारी गुन्हा नाही, आणि अर्थिंग लावूनच चढणं यात अवाजवी काय आहे ते मला कुणीतरी सांगा.

राहिलं वेठीस धरणं. लोकांना त्रास होतो, होतोच. पण ब्रेक तपासायचे म्हणून गाडी उशिरा सुटली तर कालपर्यंत ती वेळेवर कशी सुटत होती, हे ड्रायव्हरला नाही, वेळापत्रक बनवणाऱ्याला विचारायला हवं.